प्रितमचा लांडगा बराबर करताना

५ एप्रिल, रविवार. सकाळी १०.४०

तर पुन्हा तेच. प्रितमला कितीदा सांगून राह्यलो की बाबा, लांडगा झाला म्हणून सगळं एकट्यानं खायचं नसतं, बाकीचे पण खेळायला बसले. पण ऐकंल तो प्रितम कसला. शाळेत असताना पण आधी माझा डबा खायचा, मंग स्वतःचा.

नऊ दिवस घालून खेळाची मोहीम रचल्ती. आमच्या गावातून, धावड्यातून निघायचं, डोंगरातल्या भुयारात शिरायचं, राक्षसाकडून गावाची घंटा सोडवून आणायची. माझा अंदाज चार रविवारांचा. प्रितमच्या लांडग्यानं सात मिनिटांत राक्षस फाडला. घंटा तोंडात धरून परत. माझी बहीण तृप्ती म्हणे, दादा, आता काय करायचं? म्हणलं, चहा प्या.

वरून येता येता त्यानं भोकरदनच्या बाजारात बारा जणांना चावून लांडगे केले. का, तर फौज पाहिजे. तिसरा गडी कारभारी म्हणे, चावल्यावर लोक सरकारी दवाखान्यात जाऊन इंजेक्शन घेतील, लांडगे कशाला होतील? पाच इंजेक्शनं असतात, मी घेतलीत. ह्यावर पाऊण तास. ते तिघं तिकडं आमच्या ओट्यावर आणि मी इथं बेंगळुरूत, स्टोअररूममध्ये, दुधाच्या क्रेटवर, कानाला फोन.

हे मिटवणं गरजेचं आहे. कारण नंदीश सर, कॅफेचे मालक.

आमच्या कॅफेत लोक पैसे देऊन टेबलावर बसतात, वीस तोंडांचा फासा टाकतात आणि आपण बुटका, चेटकीण, वेअरवुल्फ म्हणजे लांडगा होणारा माणूस आहोत असं धरून चार-चार तास बोलतात. एक जण गोष्ट चालवतो, तो गेम मास्टर. मी दीड वर्ष त्यांचे कप उचलता उचलता सगळं शिकलो. आठवीत शाळा सोडल्यापासून एवढं मन लावून दुसरं काही शिकलो न्हाई. गुरुवारी दुपारी एक टेबल रिकामं असतं. मी सरांना म्हणलं, मी चालवतो, माझी स्वतःची गोष्ट आहे, वेअरवुल्फची. सर हसले. म्हणाले, वेअरवुल्फ कोणालाच जमत न्हाई. एक तर तो सगळ्यांना खातो, न्हाई तर इतका मरतुकडा होतो की कोणी घेत न्हाई. तू बराबर करून दाखव. चार गिऱ्हाइकं न भांडता खेळली तर बघू.

सरांचं बघू म्हणजे हो. मी त्यांना ओळखतो.

ठराव : दोन महिन्यांत लांडगा बराबर. त्यानंतर कप उचलणं कायमचं बंद.


७ एप्रिल, मंगळवार

सापडलं. चांदी.

तीन नंबर टेबलावर एक जण सांगत होता, वेअरवुल्फला चांदी चालत न्हाई, लागली की जळतो. मी सरबत ओतता ओतता ऐकलं. थोडं बाहेर ओतलं, पण ते जाऊ द्या. नियम लिहिला : चांदी लागली की लांडग्याचा जीव चौपट कमी. एका ओळीत काम. मोठमोठ्या लोकांना हे कसं सुचलं न्हाई? म्हणजे सुचलं होतं, पण त्यांना ते इतक्या साफ लिहिता आलं न्हाई.

बाकी दोन महिने काय करायचे हा प्रश्न आहे. कन्नड शिकावं म्हणतो.


१२ एप्रिल, रविवार. दुपारी

चाचणी यशस्वी. प्रितम बोलत न्हाई.

झालं असं. प्रितमनं डब्यातून चिठ्ठी काढली, अठरा आली. (घरी फासा न्हाई. एक ते वीस चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात टाकून हलवतात. आमच्या मायला तो डबा शेंगदाण्याला पाहिजे असतो.) अठरा म्हणजे लांडगा झाला. लगेच तृप्ती म्हणे, प्रितमभाऊ, तुमच्या कागदावर पहिल्या दिवशी काय लिहिलं होतं? अंगावर : बनियन, टॉवेल, चांदीचा करदोडा. त्याच्या खऱ्या कंबरेला आहे, आजीनं केलेला, म्हणून त्यानं हौसेनं लिहिला. झालं. लांडगा झाल्या झाल्या कंबर जळायला लागली. दातानं तोडायला गेला तर तोंड जळलं. तसाच लंगडत बाजारात शिरला की कोणी तरी सोडवंल.

बाजारात बाया. बायांच्या पायात जोडवी. जोडवी चांदीची.

हे माझ्या ध्यानात न्हवतं. मेथीवाल्या म्हाताऱ्या बाईनं नुसता पाय झटकला आणि प्रितमचा लांडगा खल्लास. कारभारी इतका हसला की फोन ओट्यावरून खाली पडला. म्हणे, अख्ख्या तालुक्यात लांडग्याला जायला जागाच न्हाई, लग्न न झालेल्या पोरींची शाळा तेवढी सोडून. तृप्ती म्हणे, तिथं पैंजण असतात.

प्रितम म्हणे, मच्छ्या, पिकअपमध्ये आठवडाभर कांदे भरून रविवारी एक घडी बसतो मी. म्हातारीची लाथ खायला न्हाई. आणि फोन ठेवला.

माझं मत : ताकद जरा जास्तच कमी झाली. पण कमी झाली ना? म्हणजे दिशा बराबर आहे.


१४ एप्रिल, मंगळवार

प्रितमला आता गावात जोडवी म्हणून राह्यलेत. कारभारीनं पसरवलं. प्रितम माझा फोन उचलत न्हाई. मी तीनदा केला. चौथ्यांदा केला न्हाई, आपला पण काही मान आहे.

पाचव्यांदा केला.

नवी वही घेतली, शंभर पानी. लांडग्याचा सगळा हिशेब बसवणार. शास्त्रीय पद्धतीनं. वरती शीर्षक घातलं, खाली रेघ मारली, रेघ वाकडी आली, पान फाडलं. नव्याण्णव पानी.

आज हातून दोन ग्लास फुटले. सरांनी विचारलं, लक्ष कुठं आहे? म्हणलं, चांदीत. त्यांनी केरसुणी हातात दिली. विचारात पडले असतील.


१९ एप्रिल, रविवार

प्रितम आला. तृप्तीनं जाऊन आणला. त्याच्या अटी : करदोड्याचा विषय काढायचा न्हाई, म्हाताऱ्या बाया खेळात नकोत, कारभारीनं दात दाखवायचे न्हाईत.

मी मोठ्या मनानं मान्य केलं, आणि नवा नियम सांगितला. चांदी रद्द. त्याऐवजी : लांडगा फक्त खऱ्या पौर्णिमेला होईल. घरातलं भिंतीवरचं कॅलेंडर बघायचं. ज्या दिवशी खेळायला बसलो तीच खेळातली तारीख. चिठ्ठी न्हाई, भांडण न्हाई. महिन्यातून एकदा ताकद, बाकी दिवस माणूस. ह्याला म्हणतात बराबर.

सगळ्यांना पटलं.

आजची मोहीम शांततेत. प्रितमचा माणूस सगळा वेळ झाडाखाली बसून होता. मी विचारलं, तू काय करून राह्यला? म्हणे, पौर्णिमेची वाट.


२६ एप्रिल, रविवार

प्रितमनं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं आणि सांगितलं की आपण बसतो रविवारी. चैत्राची पौर्णिमा दोन तारखेला गुरुवारी गेली. वैशाखाची शुक्रवारी येते. मी लांडगा कधी होणार, मेल्यावर?

हे माझ्या हिशेबातून सुटलं असं न्हाई. मी त्याला धीर शिकवून राह्यलो.

कारभारी म्हणे, एक मे तर सुट्टी आहे, शुक्रवारी बसू. सगळे हो म्हणाले. मी पण म्हणलं. कॅफेत त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते हे ध्यानात होतं, पण म्हणलं काढू दहा मिनिटं. गेम मास्टरला दहा मिनिटं पुरतात.


१ मे, शुक्रवार. दुपारी ४

स्टोअररूम. दुधाच्या क्रेटमागं. फोन लावला. प्रितम आंघोळ करून, नवा शर्ट घालून बसला होता, तृप्तीनं सांगितलं. मी गोष्ट सुरू केली. चंद्र डोंगरावर आला, प्रितमच्या पाठीवर केस —

नंदीश सर आत आले. दूध पाहिजे होतं.

मी फोन तसाच चालू ठेवून खिशात घातला आणि तृप्तीला म्हणलं, तू जरा चिठ्ठ्यांचा डबा सांभाळ, आलोच.

गेलो तो चाळीस मिनिटांनी आलो. सहा टेबलं होती. फोन कानाला लावला तर तिकडं नुसतं हसणं. मोहीम झाली पण. म्हणे लांडग्यानं पूल तोडला, मंग तोच पाण्यात पडला, मंग कारभारीनं त्याला दोरीनं काढला. कोणी रागावलं न्हाई. मी विचारलं, पूल कुठला? माझ्या गोष्टीत पूल न्हाई. तृप्ती म्हणे, होता दादा, तू गेल्तास तेव्हा.

पोरगी बारावी शिकली, वाचायला बराबर वाचते, पण तिला शिस्त न्हाई. नशीब फक्त डबाच दिल्ता हातात.


३ मे, रविवार

आज बसलो तर कळलं, मंडळी वाटूर फाट्यावर आहेत. वाटूर माझ्या नकाशातच न्हाई! माझा नकाशा भोकरदन तालुक्यात संपतो, खाली समुद्र आहे. मी सांगितलं की तुम्ही समुद्रात उभे आहात. प्रितम म्हणे, मी परवाच पिकअप घेऊन गेल्तो, तिथं समुद्र न्हाई, भज्याची हॉटेलं आहेत.

कधी गेलात वाटूरला, म्हणलं. कारभारी खोकला. तृप्ती म्हणे, बुधवारी लाईट गेल्ती, म्हणून जरा बसलो होतो.

मी मनावर घेतलं न्हाई. सराव करू द्यावा. मुख्य सामना रविवारीच.

समुद्र खोडला.


१० मे, रविवार

वही एकतीस पानं भरली. आता लांडग्याला भूक, तहान, खाज, पावसात भिजल्यावर वास, कुत्र्यांशी नातं, मोटारसायकलवर बसता येतं का, असे सगळे तक्ते आहेत. चावण्याचा तक्ता वेगळा, इंजेक्शनासकट. कारभारीच्या शंकेचं उत्तर : तिसऱ्या डोसनंतर शेपूट गळते. हे सुचलं तेव्हा मी एकटाच हसलो आणि एका गिऱ्हाइकानं बिल मागितलं.

आज मी हे सगळं वाचून दाखवलं. तास गेला. मधी मधी म्हणत होतो, ऐकून राह्यलात ना? तृप्ती हूं म्हणायची. शेवटी कळलं, हूं मायचं होतं. ती एकटीच ओट्यावर लसूण सोलत बसल्ती. म्हणे, आरं मच्छिंदर, ती पोरं मागंच उठली, पर तू सांग, त्या लांडग्याचं काय झालं? जेवतो का न्हाई तू बराबर?

मायला आवडलं म्हणजे सामान्य माणसाला कळतं. ही मोठी गोष्ट आहे.


१७ मे, रविवार

धोंड्याचा महिना लागला. कारभारीचं लग्न मागल्या वर्षी झालं, म्हणजे पहिलाच धोंडा. जावई म्हणून सासरवाडीला बोलावणं. खेळायला न्हाई आला.

मी तृप्तीला म्हणलं, आपण तिघं बसू. तर प्रितम भाड्यावर. तृप्ती म्हणे, मला क्लास आहे. रविवारी कसला क्लास?

एकटाच बसून दोन्ही बाजूंनी खेळलो. लांडगा हरला. परत खेळलो, लांडगा जिंकला. एक-एक. म्हणजे बराबर!


२४ मे, रविवार

आधी आनंदाची. नंदीश सरांनी तारीख दिली. चार जून, गुरुवार, दुपारी चार. चार गिऱ्हाइकं ते बसवणार. म्हणाले, दोन तासांत संपव आणि कोणी भांडलं न्हाई पाहिजे. जमलं तर गुरुवारचं टेबल. मी म्हणलं, सर, जमलेलंच आहे. ते म्हणाले, आधी सहा नंबरचे कप उचल.

आता दुसरी. कारभारी सासरवाडीहून आला. धोंडे खाऊन गाल वर आलेत. जावयाला चांदीची अंगठी मिळाली. बसल्या बसल्या म्हणे, माझ्या कागदावर लिहा, हातात चांदीची अंगठी. म्हणलं, चांदी रद्द केली. म्हणे, तुम्ही लांडग्यापुरती रद्द केली, माझ्या सासऱ्यानं दिलेली तुम्ही कोण रद्द करणार? शिवाय माझं पात्र पण जावई आहे, धोंड्याच्या महिन्यात त्याला मान मिळाला पाहिजे, दोन ताकद वाढवा.

प्रितम उसळला. म्हणे, मी लांडगा असून झाडाखाली, अन् हा जावई असून वाढीव? मंग माझं पण लग्न लावा खेळात. तृप्ती म्हणे, लांडग्याला पोरगी कोण देतं? कारभारी म्हणे, त्याला माणूस असून पण कोणी देईना.

इथं फोन मीच ठेवला. खरं तर रेंज गेली, पण मी ठेवणारच होतो.

पण प्रितमनं एक काम चांगलं केलं. त्यानं शोधून काढलं की ह्या महिन्याला दुसरी पौर्णिमा आहे, एकतीस तारखेला. रविवारी! दोन महिन्यांत पहिल्यांदा रविवारी. मला मेसेज पाठवला : एकतीसला बघ. त्यापुढं लांडग्याचं तोंड.

शेवटची चाचणी एकतीसला, परीक्षा चारला. सगळं कसं जुळून येतं. मी असाच माणूस आहे, माझं जुळून येतं.


३१ मे, रविवार. सकाळी ९.२०

शांतपणे लिहितो.

आठला बसलो. प्रितम साडेसातलाच येऊन बसला होता. त्यानं शनिवारी भाडं घेतलं न्हाई, झोप व्हावी म्हणून. मी म्हणलं, आज पौर्णिमा, प्रितम, हो लांडगा.

कारभारी म्हणे, थांबा. कॅलेंडर बघा. पौर्णिमा काल दुपारी लागली, आज दुपारी दोन-सव्वादोनला संपते. आता सकाळचे आठ. चंद्र कुठाय? चंद्राशिवाय लांडगा कसा?

तृप्ती म्हणे, सूर्य उगवताना जी तिथी ती दिवसभर धरायची. मायची एकादशी तशीच धरतो. म्हणजे आज दिवसभर लांडगा.

कारभारी म्हणे, मंग काल रात्री पण चंद्र होता, काल पण लांडगा, म्हणजे दोन दिवस लांडगा, हा कुठला बराबरपणा? आणि मुख्य, हा अधिक महिना. ह्यात कुठलं काम धरत न्हाईत. लांडगा तरी कसा धरायचा?

प्रितम नुसता मला म्हणे, मच्छ्या, तू सांग. तू मास्टर.

सगळे थांबले माझ्यासाठी. मी वहीत बघितलं. त्रेचाळीस पानांत हे कुठंच न्हाई. पण मी डगमगलो न्हाई. मी विचार केला, पौर्णिमा निम्मी-अर्धी संपली, निम्मी राह्यली. दोघांचं पण राखायचं. मी निकाल दिला : प्रितम निम्मा लांडगा.

कारभारी म्हणे, पुढचा निम्मा का मागचा?

मी म्हणलं, वरचा. मंग म्हणलं, न्हाई, वरचा दिला तर चावतो, ताकद जास्त होईल. खालचा द्या.

म्हणजे प्रितमला शेपूट आणि दोन पाय मिळाले.

मंग प्रितम हळूच म्हणे, दोन महिने झाले मच्छ्या. तुला आम्ही खेळावं असं न्हाई वाटत. तुला फक्त कोणी जिंकू नये असं वाटतं.

फोन बंद. नेटवर्कचा काही तरी घोटाळा असेल.


३१ मे. दुपारी ३

नेटवर्कचा घोटाळा न्हवता. मायला फोन केला. मागं गोंधळ. म्हणलं, कोण आहे? म्हणे, हेच की, सकाळधरनं बसलेत.

मायनं जे सांगितलं ते असं. तृप्तीनं माझे सगळे नियम बाजूला ठेवले आणि एकच काढला : लांडगा पाहिजे तेव्हा हो, पाहिजे तेवढा मोठा हो. पण लांडगा झालास की तुझा कागद डाव्या हाताला बसलेल्याला द्यायचा. माणूस होईपर्यंत तुझा लांडगा तो खेळणार. आपल्या हातात न्हाई.

प्रितमच्या डाव्या हाताला माय बसल्ती, लसूण घेऊन. तिच्याकडं लांडगा गेला. मायनं तो सरळ घरी आणला. म्हणे, इतका उशीर झाला, जेवला का न्हाई कोणास ठाऊक, आधी हातपाय धू म्हणलं त्याला. प्रितम जमिनीवर लोळून हसत होता. त्यानंतर तो आपल्या मर्जीनं चारदा लांडगा झाला, नुसतं माय काय करते ते बघायला. कारभारीचं जावयाचं पात्र कोणी तरी गाढवावर बसवून मिरवलं. धोंड्याचा मान.

म्हणलं, भांडले न्हाईत? माय म्हणे, कशाला भांडतेत? आता माझी बारी हाय, ठेवते.

हा नियम चूक आहे. तक्ता न्हाई, अंक न्हाई, चार ओळीत संपतो. आपला लांडगा दुसऱ्याच्या हातात द्यायचा म्हणजे कोण घेईल असलं पात्र?

वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून ठेवला. पर्याय म्हणून. बारीक अक्षरात.


२ जून, मंगळवार

तयारी पूर्ण. त्रेचाळीस पानांच्या चार प्रती काढल्या. कडक इस्त्रीचा शर्ट. हिंदीत सुरुवातीचं भाषण पाठ. गुरुवारनंतर सर मला कपांचं विचारतील तेव्हा काय बोलायचं ते पण पाठ केलं : सर, त्यासाठी आता एखादा माणूस बघा.

प्रितमला मेसेज केला, गुरुवारी परीक्षा आहे. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर न्हाई. रात्रीचं भाडं असेल.


४ जून, गुरुवार. संध्याकाळी ७

चारला सुरू. चार गिऱ्हाइकं : काळ्या शर्टवाला, चांदीचे झुमके घातलेली बाई, दोन चष्मेवाले. सर काउंटरला टेकून.

भाषण छान झालं. मंग नियम वाचले. पान एक ते पान बावीस, एक तास अकरा मिनिटं. काळ्या शर्टवाल्यानं वेअरवुल्फ घेतला होता. तो दोनदा म्हणाला, भैया, खेळायचं कधी? मी म्हणलं, खाज झाली की लगेच. खाजेचा तक्ता राह्यला होता.

तेविसाव्या पानावर चष्मेवाल्यानं विचारलं, चांदीचं काय? म्हणलं, रद्द. बाई म्हणे, रद्द कशी, मी मुद्दाम हे झुमके घालून आले. काळा शर्ट म्हणे, रद्दच बरी. दुसरा चष्मा म्हणे, मंग ह्याला आवरायचं कसं? सुरू झालं. आवाज वाढला. शेजारच्या टेबलावरचे बघायला लागले. सर काउंटरपासून सुटे झाले.

मी पाणी आणतो म्हणून स्टोअररूममध्ये गेलो आणि तृप्तीला फोन लावला. म्हणलं, चौघं भांडून राह्यले, ह्यांना काय सांगू? तृप्ती म्हणे, तू काही सांगू नको दादा. फोन टेबलावर ठेव अन् आवाज मोठा कर.

मी ठेवला. तिनं नमस्ते केलं आणि बिलकुल जालन्याच्या हिंदीत सांगितलं की तो मोठा कागदाचा गठ्ठा बाजूला ठेवा, भैयाला त्यावर चहा ठेवू द्या. मंग तिचा एक नियम सांगितला. काळ्या शर्टवाल्याच्या डाव्या हाताला झुमकेवाली. तो मोठ्या तोऱ्यात लांडगा झाला, आणि तिनं त्याला पहिल्यांदा नदीवर नेऊन अंघोळ घातली.

मंग थांबलंच न्हाई. पन्नास मिनिटं. शेजारचे दोघं खुर्च्या ओढून आले. मी चहा आणला, कप उचलले, परत चहा आणला. सवयीनं. सव्वासहाला संपलं तर चौघं म्हणे, पुढच्या गुरुवारी परत.

सर माझ्याजवळ आले. खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, हे जमलं. कोण आहे ती? म्हणलं, माझी चाचणी टीम, सर. बहीण आहे. त्यांनी नंबर घेतला. आभार मानायला घेतला असणार. मोठी माणसं कनिष्ठांचे पण आभार मानतात.

गुरुवारचं टेबल मिळालं! फक्त सरांनी तसं अजून शब्दांत म्हणलं न्हाई.


६ जून, शनिवार

शब्दांत म्हणले.

गुरुवारचं टेबल तृप्ती चालवणार. व्हिडिओवर, धावड्याहून. मी फोन धरणार. सर म्हणाले, स्टँड घ्यायचा विचार केला, पण तू फिरवू शकतोस, जो बोलंल त्याच्याकडं. बाकी काम नेहमीचं.

विचार केला तर तांत्रिक बाजू सगळी माझ्याकडं आली. फोन हलला तर खेळ संपला. जबाबदारीचं काम आहे.

तृप्तीला म्हणलं, तू घाबरशील. म्हणे, न्हाई घाबरत. मंग जरा थांबून म्हणे, दादा, तुला वाईट वाटलं का? म्हणलं, मला कशाला वाटंल, खेळ तर माझाच आहे. बराच वेळ दोघांनी फोन ठेवला न्हाई.


११ जून, गुरुवार. संध्याकाळी

पहिलं टेबल झालं. सहा जण आल्ते. दोन तास फोन धरून हात भरून आला. एकदा खाली झाला तर झुमकेवाली म्हणे, भैया, मॅडम दिसून न्हाई राह्यल्या, वर घ्या.

मॅडम.

तिकडं लांडगा ओरडायचा आवाज प्रितम काढत होता. तृप्तीनं खूण केली की तो मागून ओरडायचा. असा ओरडला की इथं सहा जणांनी टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या असत्या, हातात फोन होता. संपल्यावर प्रितम पडद्यावर आला. म्हणे, काय मच्छ्या, हात दुखला का रे? म्हणलं, न्हाई. म्हणे, दुखंल, उद्या दुखंल, खोबरेल लाव. गावाकडं कधी येतो? म्हणलं, बघू.

मला खरंच म्हणायचं होतं, येतो.

सरांनी मास्टरचे पैसे माझ्या हातात दिले, तिकडं पाठव म्हणाले. आधी ठरवलं होतं की मूळ कल्पनेचे थोडे कापून घ्यावेत. वहीतली त्रेचाळीस पानं काढून मोजली, पानामागं काही तरी लावू म्हणलं. मंग वही ठेवून दिली.

तृप्तीच्या नंबरवर पाठवून राह्यलो, ओरडण्याचे प्रितमचे त्यातच : पूर्ण सहाशे रुपये.